सिझरनंतर लवकर पुन्हा दिवस राहिले तर: पाळी चुकल्यापासून बाळंतपणापर्यंत काय, कधी आणि का

बाळ नुकतं पालथं पडायला लागलेलं असतं, टाक्यांची जागा अजून बधिर लागते, पाळीही धड सुरू झालेली नसते आणि अशात टेस्टवर दोन रेषा येतात. मग घरात दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ‘आता टाके उसवणार.’ दुसरा म्हणतो, ‘काही होत नाही, आमच्या वेळी वर्षाआड पाळणा हलायचा.’ पहिल्याने बाई रात्र-रात्र झोपत नाही. दुसऱ्याने ती चौथ्या महिन्यापर्यंत दवाखान्यातच जात नाही. मला या दुसऱ्याची जास्त काळजी वाटते.

दोन बाळंतपणांत अंतर कमी पडलं की धोका वाढतो, हे खरं आहे. पण तो सगळ्या नऊ महिन्यांवर सारखा पसरलेला नसतो. काही ठरावीक आठवड्यांत, काही ठरावीक कारणांनी तो वाढतो आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी वेळेवर केलेली एक तपासणी किंवा आधी घेतलेला एक निर्णय त्याला अडवू शकतो. गेलेले महिने परत आणता येत नाहीत. पुढचे आठवडे मात्र हातात असतात, म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी अंतर नीट मोजा

इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. डॉक्टरांच्या बोलण्यात आणि लेखांमध्ये दोन वेगवेगळी अंतरं येतात. एक असतं बाळंतपणापासून पुन्हा दिवस राहण्यापर्यंतचं. दुसरं बाळंतपणापासून पुढच्या बाळंतपणापर्यंतचं. दोन्हींत सरळ नऊ महिन्यांचा फरक आहे. ‘१८ महिने अंतर हवं’ हे वाक्य कोणत्या अंतराबद्दल आहे हे न विचारता घरी आलात, तर विनाकारण घाबराल किंवा विनाकारण निर्धास्त राहाल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २००५ साली सुचवलं की बाळ झाल्यावर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की ६ महिन्यांच्या आत दिवस राहणं टाळावं, आणि १८ महिन्यांच्या आत राहणार असतील तर फायदे-तोटे समजून घ्यावेत. हे दोन्ही आकडे पहिल्या अंतराबद्दल आहेत. मागच्या सिझरनंतर नॉर्मल डिलिव्हरीचा प्रयत्न करायचा की नाही हे ठरवताना मात्र बहुतेक वेळा दुसरं अंतर पाहतात. दोन बाळंतपणांमध्ये साधारण १८-१९ महिन्यांपेक्षा कमी वेळ गेला असेल, तर कळांच्या वेळी जुना टाका उसवण्याची शक्यता वाढते.

म्हणून एका कागदावर तीन तारखा लिहा: मागच्या सिझरची, आता दिवस राहिल्याची अंदाजे, आणि पुढच्या बाळंतपणाची अपेक्षित. मागचं सिझर होऊन नऊ महिने झाल्यावर दिवस राहिले असतील, तर बाळंतपण पूर्ण दिवसांवर होईपर्यंत १८ महिने होत आलेले असतात. चौथ्या-पाचव्या महिन्यातच राहिले असतील, तर १४ महिन्यांच्या आसपास. पुढचे बरेच निर्णय या फरकावर ठरतात.

टाक्याला वेळ का लागतो, तेही सांगते. पोटावरची कातडी काही आठवड्यांत जुळते, त्यामुळे आतलंही सगळं भरून आलं असं वाटतं. गर्भाशयाची भिंत स्नायूंची असते आणि तिथली जखम सावकाश भरते. एमआरआयवर पाहिलं, तर त्या जागेची घडण पूर्ववत दिसायला साधारण ६ महिने लागतात. बाहेरचा वण किती छान दिसतो, यावरून आतल्या टाक्याबद्दल काहीच सांगता येत नाही.

पहिली सोनोग्राफी: सहाव्या-सातव्या आठवड्यात

पाळी चुकल्याचं कळल्याबरोबर वेळ घ्या. ‘तीन महिने झाले की जाऊ’ हा विचार सिझर झालेल्या बाईने करू नये. याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे गर्भ नेमका कुठे रुजला आहे, ते पाहणं. कधीकधी तो सिझरच्या जुन्या टाक्याच्या खाचेतच रुजतो. हे क्वचित होतं, साधारण दोन हजार गर्भारपणांत एकदा. पण झालं तर गर्भाशय फाटण्याचा आणि जीवघेण्या रक्तस्रावाचा धोका असतो. सुरुवातीला त्याचं काहीच लक्षण नसू शकतं, नाहीतर थोडासा डाग लागतो. सहाव्या-सातव्या आठवड्यात योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत ते ओळखता येतं. आठवडे गेले की गर्भाची पिशवी वर पोकळीत सरकते आणि चित्र फसवं होतं. लवकर सापडलं तर उपचार सोपे असतात. सोनोग्राफी करणाऱ्यांना आधीच सांगा: ‘माझं सिझर झालंय, गर्भ टाक्यापासून लांब आहे ना, ते पाहा.’

दुसरं कारण तारखेचं. अंगावर पाजणाऱ्या कितीतरी जणींना बाळंतपणानंतर पाळी न येताच दिवस राहतात, कारण आधी बीज सुटतं आणि पाळी त्यानंतर येते. मग ‘शेवटची पाळी कधी?’ या प्रश्नाला उत्तरच नसतं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची लांबी मोजून काढलेली तारीख सगळ्यात भरवशाची असते. पुढे सिझर ३९व्या आठवड्यात करायचं ठरलं आणि आठवडेच चुकीचे मोजलेले असले, तर बाळ कच्चं असताना बाहेर काढलं जाईल.

एक गोष्ट इथेच आणि ठामपणे सांगायची आहे. हे गर्भारपण नको असेल, तर तो निर्णय तुमचा आहे आणि सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भपात सिझरनंतरही सुरक्षितपणे करता येतो. पण सोनोग्राफी न करता, कुणाकडून तरी मागवलेल्या गोळ्या घरी घेऊ नका. गर्भ टाक्यात किंवा गर्भनलिकेत असेल आणि गोळ्या घेतल्या, तर आतल्या आत रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकतं. आधी सोनोग्राफी, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली जे ठरेल ते.

फॉलिक ॲसिड सुरू नसेल तर ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम. लागोपाठच्या गर्भारपणात शरीरातला फोलेटचा साठा भरून यायला वेळच मिळालेला नसतो.

मागच्या ऑपरेशनचा कागद

पोटावरचा टाका आडवा आहे म्हणजे आतलाही आडवाच असेल, असं नसतं. कातडीवरची चीर आणि गर्भाशयावरची चीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक सिझरमध्ये गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागावर आडवी चीर घेतात आणि पुढच्या वेळेसाठी तीच सगळ्यात सुरक्षित. पण बाळ फार कमी दिवसांचं असलं, आडवं असलं किंवा वार (प्लॅसेंटा) खाली असली, तर कधी वरच्या जाड भागावर उभी चीर घ्यावी लागते. अशा टाक्याचा हिशेबच वेगळा. तो कळा सुरू होण्याआधीही उसवू शकतो, म्हणून त्या बाईने नॉर्मलचा प्रयत्न करायचा नसतो आणि तिचं सिझर साधारण ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान ठरवतात.

डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा ‘एलएससीएस’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ खालच्या भागातलं सिझर. तेवढ्यावर न थांबता, मागचं बाळंतपण जिथे झालं तिथून ऑपरेशनची नोंद मागा. तो तुमचा कागद आहे, मागायला संकोच नको. त्यात पाहायच्या गोष्टी अशा: चीर कुठे आणि कशी घेतली, ती बाजूला फाटून वाढली होती का, सिझर कशासाठी केलं, तेव्हा गर्भाशयाचं तोंड किती उघडलं होतं, रक्त किती गेलं, नंतर ताप किंवा टाक्यात पू झाला होता का. नोंद मिळालीच नाही तरी घाबरू नका. सिझर कशासाठी आणि कितव्या आठवड्यात झालं हे सांगितलंत, तर अनुभवी डॉक्टर चिरेचा बराचसा अंदाज बांधू शकतात.

‘कशासाठी’ हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. बाळ पायाळू होतं म्हणून सिझर झालं असेल, तर ते कारण या वेळी बहुधा नसेल. तोंड पूर्ण उघडूनही बाळ खाली उतरलं नाही म्हणून झालं असेल, तर ते पुन्हा घडू शकतं. मागच्या वेळी रक्तदाब वाढला होता, तर तसं पहिल्याच भेटीत सांगा, कारण त्यासाठी कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करायची असेल, तर ती १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यानच सुरू करणं उपयोगाचं. साखर वाढली होती, तर या वेळी तपासणी लवकर होते. आणि तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर मागच्या बाळंतपणानंतर अँटी-डी इंजेक्शन मिळालं होतं का, तेही शोधून ठेवा.

रक्त भरून काढा, आत्तापासून

टाक्याच्या भीतीपुढे ही गोष्ट मागे पडते. खरं तर लागोपाठच्या बाळंतपणांत सगळ्यात जास्त जणींना त्रास होतो तो रक्त कमी असण्याचा. सिझरमध्ये रक्त गेलेलं असतं, गर्भारपणात लोहाचा साठा संपलेला असतो, आणि तो भरायच्या आत दुसरं बाळ मागायला लागतं. अंगात रक्त कमी असताना बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला, तरी तो झेपत नाही. अंतर कमी असलं की बाळ लवकर जन्मण्याची आणि वजनाने कमी भरण्याची शक्यताही वाढते, ते वेगळंच.

पहिल्याच तपासणीत हिमोग्लोबिन पाहा. पहिल्या आणि शेवटच्या तीन महिन्यांत ते ११ च्या खाली, किंवा मधल्या तीन महिन्यांत १०.५ च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे असं धरतात. शक्य असेल तर फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसतं तेव्हाही साठा रिकामा असू शकतो.

लोहाची गोळी घेताना सोबत कॅल्शियम घेऊ नका. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. चहा-कॉफीसुद्धा गोळीच्या आगेमागे नको. लिंबू किंवा संत्र्यासारखं आंबट काही सोबत असलं, तर लोह चांगलं शोषलं जातं. शौचाला काळं होणं नेहमीचं आहे. बद्धकोष्ठता किंवा मळमळ असह्य झाली, तर गोळी बंद करून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. दुसरी गोळी, दिवसाआड गोळी किंवा पहिले तीन महिने उलटल्यावर शिरेतून लोह, असे पर्याय आहेत. महिनाभराने पुन्हा रक्त तपासा. गोळ्या घेतल्या म्हणजे रक्त वाढलंच असं गृहीत धरू नका.

अंगावर पिणारं बाळ

‘दिवस गेलेत, आता दूध तोड, पोटातल्याला कमी पडेल’ हे सांगणारे पुष्कळ भेटतील. गर्भारपण नीट चाललं असेल तर अंगावर पाजत राहायला हरकत नसते. दुधामुळे पोटातल्या बाळाच्या वाटणीत फारशी तूट पडत नाही, आईचं खाणं मात्र दोघांना पुरेल इतकं हवं. डाग लागत असेल, आधी अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण झालं असेल किंवा या वेळी वेळेआधी कळा येण्याची भीती असेल, तर पाजण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. बाळ ओढतं तेव्हा गर्भाशय थोडं आवळतं, म्हणून.

लक्ष ठेवायचं ते थोरल्यावर. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास दूध बहुतेक जणींचं कमी होतं आणि चव बदलते. थोरलं वर्षाच्या आत असेल, त्यातही अजून नुसत्या दुधावर असेल, तर त्याचं वजन नियमित करा आणि दिवसाला सहाएक लंगोट ओले होतात का पाहा. दूध पुरेनासं झालं तर बाळांच्या डॉक्टरांना विचारून वरचं काय द्यायचं ते ठरवा. काही मुलं आपणहून पिणं सोडतात. त्यात तुमचा दोष नाही.

थोरल्याला उचलायचंच नाही, असा नियम पाळणं कोणत्याच आईला जमत नाही आणि तशी गरजही नसते. कमरेतून वाकून झटक्यात उचलू नका. आधी बसा, त्याला अंगाशी घ्या, मग उठा. त्याला तुमच्यापर्यंत चढून यायची सवय लावलीत तर आणखी चांगलं. घरात दुसरं कुणी असेल तर रात्रीची उठबस वाटून घ्या. या काळात झोपेची उणीव तुम्हाला वाटते त्याहून खोल जाते. सतत रडू येणं, कशातच मन न लागणं, बाळाकडे पाहावंसं न वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर ते थकवा म्हणून सोडून देऊ नका, तपासणीला जाल तेव्हा बोला. आणि ‘इतक्या लवकर कसं काय?’ असं तुम्हाला एकटीला विचारणाऱ्यांना उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. दिवस राहायला दोघं लागतात.

वार कुठे आहे?

१८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीला सगळे जण बाळाचे हात-पाय आणि हृदय पाहायला जातात. सिझर झालेल्या बाईने आणखी एक प्रश्न विचारूनच बाहेर यावं: वार कुठे आहे? पुढच्या भिंतीला आहे की मागच्या, गर्भाशयाच्या तोंडापासून किती लांब, आणि जुन्या टाक्यावर आली आहे का?

यामागचं कारण गंभीर आहे. वार टाक्याच्या जागी रुजली, तर ती भिंतीत खोलवर शिरू शकते आणि बाळंतपणानंतर सुटत नाही. मग रक्तस्राव इतका होऊ शकतो की कधी गर्भाशय काढावं लागतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असं आढळलं की वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल आणि आधी एक सिझर झालेलं असेल, तर शंभरातल्या ११ जणींची वार अशी खोल रुजलेली होती. आधी दोन सिझर झालेल्यांमध्ये हेच प्रमाण शंभरात ४० होतं. वार वर आणि टाक्यापासून दूर असेल, तर ही शक्यता अगदीच कमी. म्हणजे एका प्रश्नाच्या उत्तरावर किती काय अवलंबून आहे, पाहा.

या सोनोग्राफीत वार खाली दिसली, तरी बहुतेक जणींची ती शेवटच्या तीन महिन्यांत वर सरकते. ३२व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहायचं. पुढच्या भिंतीला, खाली आणि टाक्यावर असेल, तर डॉप्लरसह (रक्तप्रवाह दाखवणारी पद्धत) अनुभवी हाताने केलेली सोनोग्राफी हवी. वार खोल रुजल्याचं दिसलं, तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच, जिथे रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि गरज पडल्यास दुसरे सर्जन हाताशी आहेत. हे आधी कळलेल्या बाईची तयारी होते. ऐन टेबलावर कळलं, तर तीच गोष्ट संकट होऊन बसते. मधल्या काळात न दुखता अचानक लाल रक्त गेलं, तर थेट रुग्णालय गाठा. आणि वार कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय कुणाला आतून तपासू देऊ नका.

टाके दुखतात: नेहमीचं कोणतं, धोक्याचं कोणतं

पोट वाढू लागलं की टाक्याच्या जागी ओढल्यासारखं, चुरचुरल्यासारखं होतं. कूस बदलताना, खोकताना किंवा थोरल्याला उचलल्यावर टोचतं. हे बहुतेक वेळा कातडीचं आणि आतल्या चिकटलेल्या पदरांचं दुखणं असतं. थोडं पडून राहिलं की कमी होतं. खालच्या भागातल्या आडव्या टाक्याचं गर्भाशय कळा नसताना, पाचव्या-सहाव्या महिन्यात नुसतं वाढत्या पोटाने फाटणं फारच दुर्मीळ आहे. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण या भीतीने कित्येक जणी महिनोन् महिने अंथरूण धरून बसतात आणि त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा वेगळाच धोका उभा राहतो.

धोक्याचं दुखणं वेगळं असतं. अचानक जोराची कळ येते आणि थांबतच नाही. कळा सुरू असतील तर दोन कळांच्या मध्येही टाक्यावर दुखत राहतं, हात लावू देत नाही. खांद्याच्या टोकाला दुखतं. अंगावरून रक्त जातं, लघवीत रक्त दिसतं, चक्कर येते, छाती धडधडते. चाललेल्या कळा एकाएकी थांबतात. बाळाची हालचाल कमी होते किंवा कळेनाशी होते. यातलं एकही झालं तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, निघा. ३७ आठवड्यांच्या आत नियमित अंतराने पोट आवळायला लागलं किंवा पाणी गेलं, तरी तेच.

नॉर्मल की पुन्हा सिझर?

‘एकदा सिझर म्हणजे नेहमीच सिझर’ हे खरं नाही. आधी एक, खालच्या भागातलं आडवं सिझर झालेल्या ज्या बायका नॉर्मलचा प्रयत्न करतात, त्यांतल्या शंभरात ६० ते ८० जणींना ते साधतं. आधी एखादं नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल, तर ही शक्यता आणखी वाढते. टाका उसवण्याचं प्रमाण अशा प्रयत्नांत हजारी ५ ते ९ च्या दरम्यान असतं.

अंतर कमी असलं की हा आकडा बदलतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, सिझरनंतर ६ महिन्यांच्या आत दिवस राहून नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्यांमध्ये टाका उसवण्याचं प्रमाण हजारी २७ होतं, तर त्याहून जास्त अंतर असलेल्यांमध्ये हजारी ९. धोका तिप्पट. तरीही हजारातल्या ९७३ जणींचा टाका टिकलाच. ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची. मात्र टाका उसवला तर बाळाला काही मिनिटांत बाहेर काढावं लागतं, म्हणून प्रश्न नुसता आकड्याचा राहत नाही. ‘त्या क्षणी मी कुठे असेन?’ हाही त्यातच येतो.

माझं मत स्पष्ट आहे. दोन बाळंतपणांत १८ महिन्यांपेक्षा कमी अंतर, आधी एकही नॉर्मल बाळंतपण नाही आणि जिथे नाव घातलंय तिथे रात्री-अपरात्री लगेच ऑपरेशन होण्याची खात्री नाही, अशी स्थिती असेल, तर तारीख ठरवून सिझर करणं शहाणपणाचं. उलट अंतर १८ महिन्यांच्या पुढे जातंय, मागचं कारण या वेळी नाही, कळा आपोआप सुरू झाल्या आहेत आणि चोवीस तास ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, रक्त उपलब्ध आहे, तर प्रयत्नाबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. मधल्या स्थितीतल्या बायकांनी सातव्या महिन्यातच हा विषय काढावा. डॉक्टरांना विचारा: इथे सिझरनंतर नॉर्मल करता का? कळांत बाळाचे ठोके सतत मशीनवर पाहता का? ऑपरेशन ठरलं तर किती वेळात सुरू होतं? उत्तरं गुळमुळीत आली, तर तेही एक उत्तरच आहे.

कळा आणण्यासाठी औषध देण्याबद्दल जपून. आपोआप आलेल्या कळांपेक्षा औषधाने आणलेल्या कळांत टाका उसवण्याचा धोका जास्त असतो. शेवटच्या महिन्यांत, सिझर झालेल्या बाईला कळा आणण्यासाठी मिसोप्रोस्टॉल देत नाहीत.

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘स्कार थिकनेस’ (टाक्याच्या जागेची जाडी) म्हणून मिलिमीटरचा आकडा येतो आणि तो वाचून घरच्यांची झोप उडते. शेवटच्या आठवड्यांत तो भाग सगळ्यांचाच पातळ होतो. अमुक मिलिमीटरच्या खाली टाका नक्की उसवतो, अशी सर्वमान्य रेषा अजून ठरलेली नाही. हा आकडा अंतर, मागची चीर आणि तुमचं दुखणं यांच्याबरोबर जोडून वाचायचा. नुसत्या त्या आकड्यावरून ३६व्या आठवड्यात घाईने सिझर करायला सांगितलं, तर ‘थांबण्यात नेमका धोका काय?’ असं जरूर विचारा.

शेवटचे आठवडे

बाकी काही अडचण नसेल, तर ठरवून करायचं सिझर ३९व्या आठवड्यात करतात. त्याआधी केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता प्रत्येक आठवड्यागणिक वाढते. मुहूर्तासाठी किंवा सोयीसाठी तारीख अलीकडे ओढू नका.

तारीख ठरली तरी दहातल्या साधारण एकीला त्याआधीच कळा सुरू होतात. म्हणून ३४व्या-३५व्या आठवड्यात हे पक्कं करून ठेवा: रात्री निघायचं झालं तर गाडी कुणाची, थोरल्याजवळ कोण राहणार, तुमच्या गटाचं रक्त कुठे मिळेल, मागच्या ऑपरेशनचा कागद आणि सगळे रिपोर्ट कोणत्या पिशवीत आहेत. कळा सुरू झाल्या की ‘वाढू देत, मग जाऊ’ असं करायचं नाही. पहिल्या नियमित कळेला निघायचं, कारण टाक्यावर ताण येतो तो याच तासांत.

पुढची वेळ तुम्ही ठरवा

अजून दिवस राहिलेले नसतील आणि हे वाचत असाल, तर हा भाग तुमच्यासाठीही आहे. अंगावर न पाजणाऱ्या बाईचं बीज बाळंतपणानंतर महिन्याच्या आतही सुटू शकतं. अंगावर पाजण्याने सहसा दिवस राहत नाहीत, पण त्यासाठी तिन्ही अटी एकदम पाळल्या जायला हव्यात: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावर पाजलं जाणारं, आणि पाळी अजून आलेली नाही. यातली एक अट मोडली की दुसरा उपाय हवा. नुसतं ‘मी पाजतेय ना’ एवढ्यावर राहू नका.

पस्तिशीच्या पुढे असाल तर दोन वर्षं थांबणं परवडेलच असं नाही. वर्षभर तरी जाऊ देऊन पुढचं डॉक्टरांशी बोलून ठरवा. मागचं बाळ हाती लागलं नसेल, तर लगेच पुन्हा दिवस राहावेत असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि आजूबाजूचेही तेच सुचवतात. पण टाक्याला लागणारा वेळ तेवढाच असतो.

ज्यांना आता दिवस राहिले आहेत त्यांनी पुढचा उपाय आठव्या महिन्यातच ठरवावा, बाळंतपणानंतर दोन लेकरं सांभाळताना त्यासाठी दवाखान्यात जाणं होत नाही. तांबी सिझर करतानाच, वार काढल्यावर बसवता येते, त्यासाठी संमतीवर आधी सही लागते. तेव्हा बसवायची राहून गेली तर चार आठवड्यांनंतर बसवतात. फक्त प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आणि इम्प्लांट (दंडात कातडीखाली बसवायची कांडी) पाजतानाही चालतात. नेहमीच्या दोन हार्मोनांच्या गोळ्या मात्र पाजणाऱ्या आईने पहिले सहा आठवडे घ्यायच्याच नाहीत, आणि सहा महिन्यांपर्यंत शक्यतो टाळायच्या. तीन महिन्यांचं इंजेक्शन पाजत असाल तर सहा आठवड्यांनंतर घ्यायचं आणि ते थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला कित्येक महिने लागू शकतात, हे ध्यानात ठेवा. कुटुंब पूर्ण झालं असेल तर सिझरच्या वेळीच नसबंदी होते, पण तो निर्णय टेबलावर किंवा कळांत घ्यायचा नाही, शांतपणे आधी घ्यायचा. नवऱ्याची नसबंदी त्याहून सोपी असते आणि तिच्यासाठी पोट उघडावं लागत नाही. ती केल्यावर वीर्य तपासणीत शुक्राणू नाहीत हे कळेपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने, दुसरा उपाय चालू ठेवायचा.